प्रिंटर बिघडलेला नव्हता

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक प्रिंटर खाली आला. कधीकाळी पांढरा होता, आता जुन्या दातांसारखा पिवळट झालेला. याच प्रिंटरवर बाबांनी सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिसा छापल्या होत्या, आणि माझा कॉलेजचा प्रोजेक्टही सबमिशनच्या आदल्या रात्री यानेच बाहेर काढला होता.

"भंगारवाल्याला देऊ या का?" मी विचारलं.

"चालतोय की तो. भंगारात कशाला?" बाबांनी फडक्याने पुसला, वायर लावली, बटण दाबलं. घरघर करत रोलर फिरला आणि हिरवा दिवा लागला.

खरंच चालत होता. मी यूएसबी केबल लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपने 'टिंग' केलं आणि सांगितलं, हे उपकरण ओळखता येत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव सापडलं, पण ड्रायव्हर होता तो विंडोजच्या एका जुन्या आवृत्तीपर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांसाठी काढलेलाच नव्हता. मदतीच्या चॅटवर कुणीतरी अत्यंत नम्रपणे मला नवीन मॉडेल घ्यायला सुचवलं.

बाबांनी विचारलं, "पण याचं बिघडलंय काय?"

त्याचं खरं उत्तर 'काहीच नाही' असं होतं. मोटर ठीक, रोलर ठीक, टोनर अर्धा शिल्लक. फक्त या यंत्राशी बोलता येईल अशी भाषा आता आमच्या घरात कुणालाच येत नव्हती. यंत्र विकत घेताना ती भाषा आपल्याला मिळत नाही, एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत कळली नव्हती. ती भाषा मिळवण्यासाठी लोकांनी काय काय केलं, याचा इतिहास मी त्या आठवड्यात वाचत बसलो. गंमत म्हणजे त्याची सुरुवातही एका प्रिंटरपासूनच होते.

एक अडकलेला कागद

साल १९८० च्या आसपासचं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने एक नवाकोरा लेझर प्रिंटर भेट दिला. आधीच्या यंत्रापेक्षा कितीतरी वेगवान. दोष एकच, त्यात कागद अडकायचा. प्रिंटर सगळ्यांचा सामायिक. तुम्ही तुमच्या जागेवरून पन्नास पानं छापायला सोडायची, बऱ्याच वेळाने उठून जायचं, तर चारच पानं बाहेर आलेली आणि बाकी सगळं अडकलेलं. तुमच्यामागे रांगेत असलेल्यांचंही काम थांबलेलं, आणि ते कुणालाच ठाऊक नाही.

तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. जुन्या प्रिंटरवरही कागद अडकायचा, तेव्हा त्याने एक साधा उपाय केला होता. कागद अडकणं त्याला थांबवता येत नव्हतं, कारण तो यंत्राचा दोष. पण प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडा बदल करून त्याने अशी सोय केली की कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. दहा जण वाट बघत असतील तर त्यातला एखादा उठून कागद काढायचाच. दोष यंत्राचा, पण त्यावर तोडगा माणसांच्या शेजारधर्मातून काढलेला.

नव्या प्रिंटरवरही तेच करायला तो बसला आणि अडला. या प्रिंटरबरोबर त्याचा सोर्स कोड आलाच नव्हता. सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेली, माणसाला वाचता येणारी मूळ आज्ञावली. आला होता तो फक्त यंत्राला कळणारा, आकड्यांचा गठ्ठा. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे हा कोड असल्याचं त्याला कळलं. तिकडे गेल्यावर तो त्याला भेटला आणि कोड मागितला. त्या काळात प्रोग्रॅमर मंडळींमध्ये अशी देवाणघेवाण विरजण मागण्याइतकी साधी होती. समोरच्याने नकार दिला. तो कोड कुणाला देणार नाही असं वचन त्याने कंपनीला दिलं होतं.

स्टॉलमनने नंतर अनेक भाषणांत ही गोष्ट सांगितली. त्या माणसाने आपल्या एकट्याला नाही, तर सगळ्या जगाला नकार दिला, हे त्याला लागलं. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने 'ग्नू' या मुक्त संगणक प्रणालीची घोषणा केली, आणि पुढच्या वर्षी जानेवारीत एमआयटीची नोकरी सोडून तो त्या कामाला लागला. आज लिनक्सच्या नावाने जे जग चालतं, त्याचा मोठा भाग त्या घोषणेतून आला. त्यामागे इतरही कारणं होती, पण स्वतः स्टॉलमन सांगतो त्या गोष्टीची सुरुवात या अडकलेल्या कागदापासून होते.

बडोद्याहून निघालेली केबल

दुसरी गोष्टही प्रिंटरचीच.

अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनिअर झाले. हो, तेच आपले सयाजीराव गायकवाड. तिथून ते अमेरिकेत शिकायला गेले आणि १९९० साली इंटेल कंपनीत लागले. घरी मुलीच्या शाळेचं काहीतरी छापायचं होतं आणि पत्नीला प्रिंटर जोडताना नाकी नऊ आले, असा किस्सा त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितला आहे. घरात संगणक इंजिनिअर असून ही अवस्था, तर इतरांचं काय होत असेल?

ज्यांनी नव्वदचं दशक पाहिलं आहे त्यांना संगणकाची ती पाठ आठवत असेल. कीबोर्डचं भोक वेगळं, माउसचं वेगळं, मोडेमचं वेगळं, आणि प्रिंटरची ती रुंद, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली पिन. काही नवीन जोडलं की संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि देवाला नमस्कार करायचा.

१९९४ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि सगळ्यासाठी एकच प्लग ठरवायला बसल्या. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. १९९८ साली ॲपलने जुनी भोकं काढून टाकून फक्त यूएसबी असलेला आयमॅक बाजारात आणला आणि मग सगळ्यांनाच त्या वाटेने जावं लागलं. इंटेलने यूएसबी वापरण्यासाठी रॉयल्टी घेतली नाही, हेही तिच्या प्रसाराचं एक मोठं कारण.

प्लगचा प्रश्न सुटला, भाषेचा मात्र तसाच राहिला.

वर्गातली हजेरी

केबल जोडल्यावर नेमकं काय होतं ते थोडक्यात पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

यूएसबीमध्ये संगणक हा मास्तर आणि उपकरणं ही मुलं. मास्तरांनी विचारल्याशिवाय मुलाने तोंड उघडायचं नाही. नवीन मूल वर्गात आलं की मास्तर विचारतात, नाव काय? उपकरण अठरा बाइटचं उत्तर देतं. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. एक बनवणाऱ्या कंपनीचा, हा यूएसबीची सूत्रं सांभाळणारी संघटना पैसे घेऊन देते. दुसरा त्या मॉडेलचा, तो कंपनी स्वतः ठरवते. कंपनीचा आकडा म्हणजे आडनाव, मॉडेलचा म्हणजे नाव.

मग उपकरण आपली जातकुळी सांगतं. मी कीबोर्ड आहे, मी पेन ड्राइव्ह आहे. या ठरलेल्या प्रकारांची भाषा सार्वजनिक आहे, म्हणून कुठलाही पेन ड्राइव्ह कुठल्याही संगणकाला चालतो. पण यादीच्या शेवटी २५५ क्रमांकाचा एक प्रकार आहे. त्याचा अर्थ, माझी भाषा माझ्या कंपनीला विचारा. अशा उपकरणाच्या तोंडून पुढे काही कळत नाही. कंपनीने दिलेला ड्रायव्हर असेल तर संवाद, नाहीतर मौन.

प्रिंटरचं दुखणं आणखी खोल. प्रिंटरसाठी यूएसबीत ठरलेला प्रकार आहे, पण तो फक्त टपाल पोचवण्यापुरता. पाकिटावरचा पत्ता कसा लिहायचा ते ठरलं आहे, आतलं पत्र कुठल्या भाषेत हे ठरलेलं नाही. महागड्या प्रिंटरना पोस्टस्क्रिप्टसारखी प्रसिद्ध भाषा यायची. स्वस्त प्रिंटर स्वस्त व्हावेत म्हणून कंपन्यांनी त्यांच्यातला मेंदूच काढून घेतला. पानावर कुठे ठिपका द्यायचा हे सगळं गणित संगणकावरचा ड्रायव्हर करणार, प्रिंटर फक्त हमाली करणार. आणि ते ठिपके पाठवण्याची भाषा प्रत्येक कंपनीची खासगी.

म्हणजे बाबांचा प्रिंटर हे मुळात अर्धंच यंत्र होतं. अर्धं माळ्यावर होतं आणि अर्धं त्याच्याबरोबर आलेल्या सीडीवर. सीडीवरचं अर्धं नव्या विंडोजवर चालेना, तेव्हा माळ्यावरचं अर्धं जिवंत असूनही मुकं झालं.

कान लावून ऐकणं

ही खासगी भाषा शिकायची कशी? आपल्याला परकी बोली शिकायची असेल तर आपण काय करतो? ती बोलणाऱ्या दोन माणसांशेजारी बसून ऐकतो. इथेही तेच.

मूळ ड्रायव्हर असलेल्या संगणकाला उपकरण जोडायचं आणि मध्ये केबलवरून जाणारा प्रत्येक बाइट टिपून ठेवायचा. त्यासाठी खास यंत्रं मिळतात, आणि आता वायरशार्कसारखं फुकट सॉफ्टवेअरही हे करतं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दिवा लावला तर कुठले आकडे गेले? बंद केला तर कुठले? दोन्हींत फरक कुठे आहे? वहीत दोन रकाने करायचे, डावीकडे 'मी काय केलं', उजवीकडे 'तारेवरून काय गेलं'. हळूहळू शब्दकोश तयार होतो. मग तेच आकडे आपल्या प्रोग्रॅममधून पाठवून बघायचे.

पूर्वी यासाठी संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कोड लिहावा लागायचा. तिथे एक चूक झाली की अख्खा संगणक आडवा. लिनक्सने यूएसबी उपकरणं साध्या प्रोग्रॅमसाठी उघडून दिली, आणि त्यावर योहानेस एर्डफेल्ट याने सुरू केलेली 'लिबयूएसबी' ही लायब्ररी आली. तेव्हापासून कॉलेजच्या पोरालाही दहा-वीस ओळींत उपकरणाशी बोलता येऊ लागलं. चूक झाली तर फक्त आपला प्रोग्रॅम बंद पडणार.

या पद्धतीचा सगळ्यात गाजलेला प्रसंग नोव्हेंबर २०१० मधला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी किनेक्ट बाजारात आणलं. ४ नोव्हेंबरला अमेरिकेत ते विक्रीला आलं. कॅमेरा, समोरच्या वस्तू किती लांब आहेत हे मोजणारा डोळा, माइक, मान वरखाली करणारी मोटर आणि एक छोटा दिवा. असा डोळा यंत्रमानव बनवणाऱ्यांना पूर्वी प्रचंड किमतीत घ्यावा लागायचा, तो आता दीडशे डॉलरला दुकानात मिळत होता. पण चालणार फक्त एक्सबॉक्सवर.

न्यूयॉर्कमधल्या ॲडाफ्रूट या इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीने त्याच दिवशी जाहीर केलं, किनेक्टसाठी मुक्त ड्रायव्हर लिहून सगळ्यांना देणाऱ्याला हजार डॉलर. मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने नाराजी दाखवली, आपल्या उत्पादनांतल्या बदलांना आपली संमती नाही म्हटलं आणि कायद्याच्या यंत्रणांचंही नाव घेतलं. ॲडाफ्रूटने बक्षीस दोन हजार केलं. मग तीन हजार.

पहिली हलली ती किनेक्टची मान. बक्षीस जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत एका प्रोग्रॅमरने मोटर हलवून दाखवली, पण कोड खुला केला नाही. दरम्यान ॲडाफ्रूटने एक्सबॉक्स आणि किनेक्टमधलं संभाषण टिपून ते सगळ्यांसाठी प्रसिद्ध केलं. १० नोव्हेंबरला किनेक्ट युरोपात विक्रीला आलं. स्पेनमधल्या हेक्टर मार्टिन या तरुणाकडे एक्सबॉक्स नव्हताच. त्याने दुकानातून नुसतं किनेक्ट आणलं, ते टिपलेलं संभाषण समोर ठेवलं आणि काही तासांत चित्र आणि अंतर दोन्ही लॅपटॉपच्या पडद्यावर आणलं. कोड त्याने सगळ्यांसाठी खुला केला आणि बक्षीस त्याला मिळालं.

त्या कोडमधून उभ्या राहिलेल्या 'लिबफ्रीनेक्ट' या प्रकल्पात मान आणि दिव्याची भाषा वाचली तर हसू येतं, इतकी ती साधी आहे. दिव्यासाठी हुकूम क्रमांक ६. सोबत शून्य पाठवलं की दिवा बंद, १ म्हणजे हिरवा, २ म्हणजे लाल. मान वळवायला हुकूम क्रमांक ४९, आणि जितके अंश वर हवी त्याच्या दुप्पट आकडा. दहा अंश हवेत तर वीस. ज्या भाषेसाठी कायद्याच्या यंत्रणांची आठवण काढली गेली, तिचा एक भाग पोस्टकार्डाच्या पाठीवर मावला असता.

मायक्रोसॉफ्टचाही सूर लवकरच बदलला. त्याच महिन्यात किनेक्टचे एक जनक ॲलेक्स किपमन यांनी रेडिओवर सांगितलं की यूएसबी जोडणी मुद्दामच खुली ठेवली होती. जून २०११ मध्ये कंपनीने स्वतःच संगणकासाठीचं अधिकृत साधन दिलं.

आठ ठिपके, एक बाइट

किनेक्ट हा उत्साहाचा मामला होता. जिथे ही भाषा मिळणं-न मिळणं म्हणजे वाचता येणं-न येणं असतं, तिथली गोष्ट शांतपणे चालू होती आणि ती त्याआधीची आहे.

अंध माणसाला संगणक वापरायचे दोन मार्ग. एक, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. दुसरा, ब्रेल डिस्प्ले. कीबोर्डपुढे ठेवायची एक पट्टी. तिच्यावर चाळीस किंवा ऐंशी घरं, प्रत्येक घरात आठ बारीक खिळे. वीज दिली की किंचित वाकणाऱ्या विशिष्ट पदार्थाच्या पट्ट्या ते खिळे वर उचलतात. बोट फिरवलं की ओळ वाचता येते, आणि मग खिळे बदलून पुढची ओळ येते. कोड लिहिणाऱ्या किंवा शुद्धलेखन तपासणाऱ्या अंध माणसाला नुसतं ऐकून भागत नाही. 'की' ऱ्हस्व का दीर्घ, कंस बंद केला का नाही, हे बोटांनाच नीट कळतं. ही पट्टी फार महाग असते, आपल्याकडे तर बहुतेकांच्या आवाक्याबाहेर.

इथे निसर्गाने नाही पण गणिताने एक सुंदर योग जुळवला आहे. घरात आठ खिळे, बाइटमध्ये आठ बिट. एक घर म्हणजे बरोब्बर एक बाइट. प्रचलित पद्धतीत पहिल्या ठिपक्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, अशी दुपटीने वाढत जाते.

आपल्या भारती ब्रेलमध्ये 'क' म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. बेरीज ५. 'म' म्हणजे पहिला, तिसरा, चौथा. बेरीज १३. 'ल' म्हणजे पहिले तीन, बेरीज ७. म्हणजे ५, १३, ७ हे तीन आकडे योग्य वेष्टनात घालून त्या पट्टीकडे पाठवले की कुणाच्या तरी बोटांखाली 'कमल' उमटेल. बालवाडीतला पहिलावहिला शब्द.

अडचण त्या वेष्टनात. प्रत्येक कंपनीचं ते निराळं. कुणी ओळीच्या सुरुवातीला वेगळी खूण मागतं, कुणी ठिपक्यांचा क्रमच वेगळा लावतं. कंपन्या ड्रायव्हर द्यायच्या ते बहुतेक विंडोजसाठी. लिनक्स वापरू बघणाऱ्या अंध विद्यार्थ्याने काय करायचं?

१९९५ साली निखिल नायर आणि जेम्स बाउडन यांनी 'बीआरएल-टीटीवाय' नावाच्या प्रोग्रॅमला सुरुवात केली. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर जे अक्षर असेल ते ब्रेल पट्टीवर आणायचं, एवढंच त्याचं काम. पुढे इतर लोक येत गेले, डेव्ह मिल्की यांनी वर्षानुवर्षं तो सांभाळला. सुरुवातीला एकदोन पट्ट्या चालायच्या, मग डझनावारी. जुन्या सीरियल तारेवरून यूएसबीवर आणि नंतर ब्लूटूथवर. तीस वर्षं झाली, तो आजही चालू आहे. कुठल्याही बक्षिसाविना, कुठल्याही बातमीविना.

एकाच नावाचे दोघे

इथपर्यंत ही गोष्ट 'कंपनी वाईट, हौशी लोक चांगले' अशी वाटेल. पण ती तितकी सरळ नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीने आपला नवा विंडोज ड्रायव्हर दिला. यूएसबीचं जुन्या सीरियल तारेत रूपांतर करणारी त्यांची चिप इतकी लोकप्रिय की तिच्या नकली चिपांनी बाजार भरलेला. कंपनीची तक्रार रास्त होती. पण नव्या ड्रायव्हरने काय केलं, तर नकली चिप दिसली की तिचा मॉडेल-आकडा पुसून तिथे शून्य लिहिला. मग विंडोजला ते उपकरण ओळखताच येईना. शिक्षा नकली चिप बनवणाऱ्याला झाली नाही. ज्याने एखादं उपकरण विश्वासाने विकत घेतलं आणि आत कुठली चिप आहे हे ज्याला ठाऊकही नव्हतं, त्याला झाली. ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. शून्य झालेला आकडा परत लिहायचे उपाय लोकांनी एकमेकांना शिकवले.

दुसरा प्रसंग २०२२ चा, आणि तो तुमच्यापैकी काहींनी भोगलाही असेल. त्या वर्षी उबंटू लिनक्सची २२.०४ ही आवृत्ती आली. इंजिनिअरिंगच्या मुलांनी आपले स्वस्त आर्डुइनो किंवा तसेच बोर्ड जोडले, तर ते क्षणभर दिसायचे आणि गायब व्हायचे. प्रोजेक्टची तारीख डोक्यावर. शोधाशोध केल्यावर कारण सापडलं, बीआरएल-टीटीवाय. त्या बोर्डांवर सीएच ३४० नावाची स्वस्त चिप असते. नेमकी तीच चिप एका ब्रेल पट्टीतही वापरलेली, आणि दोघांचं नाव-आडनाव एकच. ब्रेलचा प्रोग्रॅम बिचारा समोरच्याला ब्रेल पट्टी समजून ताब्यात घ्यायचा.

लोकांनी एकमेकांना उपाय सांगितला, तो प्रोग्रॅम काढून टाका. एक ओळ टाइप केली की काम होत होतं. कॉलेजच्या मुलाचं काम अडलं होतं, हे खरं. पण हाच उपाय प्रयोगशाळेतल्या सामायिक संगणकावर केला की उद्या तिथे येणाऱ्या अंध मुलीची पट्टी मुकी राहणार, हेही तितकंच खरं. दोष दोघांचाही नव्हता. पैसे वाचवण्यासाठी वेगळं नाव न घेतलेल्या एका चिपचा तो होता. नंतर अशा सामायिक आकड्यांची उपकरणं आपोआप ताब्यात न घेण्याची सोय केली गेली.

मला स्टॉलमनचा तो जुना निरोप आठवतो. कागद अडकला आहे, हे रांगेतल्या सगळ्यांना कळलं पाहिजे. आपल्या मागे कोण उभं आहे हे दिसलं तर माणूस सहसा फक्त स्वतःपुरता तोडगा काढत नाही.

कायदा, आणि एक पान

हे असं ऐकून भाषा शिकणं गुन्हा आहे का, असा प्रश्न पडेल. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात कॉपीराइटचा भंग न ठरणाऱ्या गोष्टींची यादी आहे. तुमच्याकडे एखादा प्रोग्रॅम रीतसर असेल, त्याच्याशी जुळवून घेणारा स्वतंत्र प्रोग्रॅम चालवायला जी माहिती लागते ती इतर मार्गाने सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करणं त्या यादीत बसतं. अमेरिकेत १९९२ साली सेगा विरुद्ध ॲकोलेड या खटल्यात न्यायालयाने साधारण याच दिशेचा निकाल दिला होता. म्हणजे कंपनीचा कोड उचलून आपल्या नावावर खपवणं वेगळं, आणि आपण घेतलेल्या वस्तूशी बोलायला शिकणं वेगळं, हा फरक कायद्यालाही कळतो.

आणि कधी कधी कंपन्यांनाही कळतो. मे २०१८ मध्ये यूएसबीच्या संघटनेने ब्रेल पट्ट्यांसाठी एक सामायिक भाषा जाहीर केली. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट त्यात एकत्र होते. या भाषेत बोलणारी पट्टी कीबोर्डसारखी कुठेही जोडावी आणि वाचायला लागावं, अशी कल्पना. प्रिंटरमध्येही आता तसंच होत आहे. तुमच्या फोनवरून ड्रायव्हर न टाकता छापलं जातं, कारण नव्या प्रिंटरना ठरलेली, उघड भाषा येते.

जुन्यांचं मात्र जुन्यांनाच बघावं लागतं.

आमच्या प्रिंटरसाठी कुणीतरी, बहुधा अनेक वर्षांपूर्वी, रात्री जागून त्या दोन रकान्यांची वही भरली होती. त्याच्या भाषेत बोलणारा मुक्त ड्रायव्हर लिनक्समध्ये सापडला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, केबल जोडली. पहिलं पान आलं ते नुसत्या चौकोनांनी आणि खुणांनी भरलेलं. यादीत मी शेजारचं मॉडेल निवडलं होतं. नीट निवडून पुन्हा पाठवलं. घरघर झाली, रोलर फिरला.

सोसायटीच्या सभेची नोटीस बाहेर आली. वरचा समास अर्धा इंच जास्त सुटला होता, तो मला अजून दुरुस्त करता आलेला नाही. बाबांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"चालतोय म्हटलं होतं ना," ते म्हणाले, आणि आणखी अकरा प्रती काढायला सांगितल्या.